खांबेटे सारांची आयुधं

गाडीचं सर्व्हिसिंग म्हणजे काही हृदयाचं ऑपरेशन नव्हे, हे वाक्य बाळकृष्ण खांबेटे भेटेल त्याला ऐकवत. ऐकणारा मराठी असला तर मराठीत, तमिळ असला तर इंग्रजीत, आणि रिक्षावाला असला तर नुसत्या हातवाऱ्यांनी. खांबेटे चेन्नईजवळ आवडीला, रणगाड्यांच्या कारखान्यात होते. एवढं कळलं की समोरचा माणूस जरा सावरून बसे. त्याला वाटे, हा गृहस्थ रोज सकाळी जेवणाचा डबा बाजूला ठेवून रणगाड्याच्या पोटात शिरत असणार! खांबेटे होते खरेदी विभागात. रणगाड्याशी त्यांचा संबंध रबरी वायसरांच्या टेंडरपुरता होता. पण कुणाचा असा गैरसमज झालाच, तर तो दूर करायची घाई त्यांनी कधी केली नाही.

विल्लिवाक्कमला राणोजीरावांच्या घरात, वरच्या मजल्यावर, ते भाड्याने राहत. खाली पोर्चमध्ये त्यांची पांढरी मारुती उभी असे. सेकंडहँड होती, पण खांबेट्यांनी जीव लावला होता तिला. रविवारी ते तिला आंघोळ घालत, आतून पुसत, आणि घरच्यांना दार हळू लावायचं शिकवत. दोन हजार तीन सालच्या नवरात्रात तिचं सर्व्हिसिंग आलं आणि खांबेट्यांनी जाहीर केलं की यंदा सगळं घरी होणार.

"सगळं म्हणजे?" त्यांच्या पत्नीने, विद्युलताबाईंनी विचारलं. त्या केंद्रीय शाळेत गणित शिकवत, त्यामुळे मोघम बोललेलं त्यांना चालत नसे.

"सगळं म्हणजे सगळं. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक, क्लच. गाडीच्या पुस्तकात चित्रं आहेत."

"मिक्सरच्या पुस्तकातसुद्धा चित्रं होती."

मिक्सरचा विषय त्या घरात नाजूक होता. खांबेट्यांनी तो दुरुस्त केल्यापासून चटणी भांड्याच्या आत कमी आणि ओट्यावर जास्त होत असे. कॉलेजात जाणारी लेक ऊर्मी त्या काळात चटणी करताना पावसाळ्यातला रेनकोट घालायची. मग विद्युलताबाईंनी मूळ मुद्दाच काढला.

"मी म्हणते, विकूनच टाकू या. चंद्रमौळी मागतायत ना? नाहीतरी या घरात गाडी एकाच माणसाची आहे."

चंद्रमौळी समोरच्या घरात राहत. बँकेतून निवृत्त झालेले, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि मारुतीवर डोळा. रोज कचरा टाकायला बाहेर पडले की घरी जाताना गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून जात. विजयादशमीला गाडी घरी आणायची असा त्यांचा बेत होता, आणि तो त्यांनी खांबेट्यांना सोडून सगळ्या गल्लीला सांगितला होता.

गाडी नसलेल्या रविवारी माणूस करतो तरी काय? खांबेट्यांनी ताडकन सांगून टाकलं, "दसऱ्याला सकाळी गाडी सुरू झाली नाही तर किल्ली चंद्रमौळींना. मी स्वतः नेऊन देईन."

"आणि झाली तर मी विकायचं नाव काढणार नाही," विद्युलताबाई म्हणाल्या. "पण काय घरी करायचं आणि काय बाहेर, ते मी ठरवणार."

मग त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावला आणि वर्गात नियम सांगतात तसा नियम सांगितला. "जे बिघडलं तर गाडी चालणार नाही, ते तुम्ही करा. जे बिघडलं तर गाडी थांबणार नाही, ते मेकॅनिक करेल."

खांबेट्यांनी या नियमात खोट शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. तेव्हा ब्रेक आणि क्लच कोपऱ्यावरच्या नारायणस्वामीच्या गॅरेजात जाऊन तपासून आले, आणि ऑइल, ऑइलचा फिल्टर, हवेचा फिल्टर आणि स्पार्क प्लग खांबेट्यांच्या वाट्याला आले. त्यांनी पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारातून पान्यांचा एक सुंदर संच आणला. संध्याकाळी ते नुसते त्याच्याकडे बघत बसत.

काम करायला दिवस निवडला नवमीचा. कारखान्याला सुट्टी, शाळेला सुट्टी, आणि दसऱ्याला एक पूर्ण दिवस अवकाश. चेन्नईत त्या दिवशी आयुधपूजा असते हे खांबेट्यांना माहीत होतं. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे माहीत होतं: लोक गाड्या धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबं चिरडतात. आपण सर्व्हिसिंगच करतोय, म्हणजे याहून मोठी पूजा कुठली, असा त्यांचा हिशेब होता.

सकाळी लवकर ते खाली उतरले. पुस्तकात लिहिलं होतं की काढलेले भाग स्वच्छ कापडावर ओळीने मांडावेत, म्हणून त्यांनी कोरा पंचा अंथरला. डास फोडून खात होते. कासवछाप संपली होती, म्हणून देवघरातली उदबत्ती आणून बॉनेटजवळ खोचली. मग त्यांनी इंजिनखाली घमेलं ठेवलं, तळाचा बोल्ट काढला आणि काळंभोर तेल घमेल्यात पडायला लागलं. प्लग निघाले, दोन्ही फिल्टर निघाले, एकही गोष्ट तुटली नाही. पंच्यावर पाने, प्लग, बोल्ट, फिल्टर आणि शेवटी ते पुस्तक अशी रांग लागली. खांबेटे दोन पावलं मागे सरकून ते दृश्य बघत राहिले. इतकं सगळं आपल्या हातून सुखरूप निघालं, याचा त्यांना मनापासून अभिमान वाटला. तेल पुरतं निथळायला वेळ लागतो, तेवढ्यात आंघोळ आणि कॉफी उरकावी म्हणून ते वर गेले.

आता खालच्या घराबद्दल सांगायला हवं. राणोजीराव आणि अलमेलू मामी हे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज फार पूर्वी दक्षिणेत आले आणि तिथलेच झाले. मामींचं मराठी जुन्या बखरीतून उचललेलं आणि तमिळ चालीवर लावलेलं होतं. खांबेटे कुटुंबावर त्यांचा जीव होता, पण एक खंतही होती: ही महाराष्ट्रातून आलेली माणसं पूजाअर्चा फार आटोपशीर करतात. त्या सकाळी मामी रांगोळी घालायला, म्हणजे त्यांच्या शब्दांत कोलम काढायला, पोर्चमध्ये आल्या आणि जागीच थबकल्या. कोरा पंचा. त्यावर ओळीने मांडलेली हत्यारं. शेवटी ग्रंथ. बाजूला जळती उदबत्ती. मामींचे डोळे भरून आले.

खांबेटे कॉफी पिऊन खाली आले तेव्हा पंचा नव्हता. पाने नव्हते, प्लग नव्हते, पुस्तक नव्हतं. गाडीला झेंडूचा हार होता, काचेवर चंदनाची बोटं होती, चारही चाकांपुढे लिंबं होती आणि तेलाच्या घमेल्याभोवती सुरेख कोलम काढलेला होता.

"मामी, माझं सामान कुणी नेलं?"

"अय्यो, नेलें कसलें? पूजेंत ठेविलें," मामी आतून पदराला हात पुसत आल्या. "किती शास्त्रोक्त मांडलें होतें हो बाळकृष्णराव! मी आपली उगाच म्हणत होतें, ह्यांना कांहीं ठाऊक नाहीं म्हणून. या, पाहा तरी."

आतल्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांवर नवरात्रातला बाहुल्यांचा गोलू मांडला होता. वर राम, खाली दशावतार, त्याखाली वाणी-वाणीण. त्यांच्यापुढे पाटावर सरस्वतीची तसबीर, मामींची वीणा, ऊर्मीची कॉलेजची पुस्तकं, राणोजीरावांचं फाउंटन पेन, आणि या सगळ्यांच्या मधोमध, चंदन-कुंकू लावलेले, शेवंतीची फुलं वाहिलेले खांबेट्यांचे स्पार्क प्लग. हवेच्या फिल्टरला तर मामींनी गजरा घातला होता.

"फार छान," खांबेटे म्हणाले. "आता मी घेऊन जाऊ?"

राणोजीरावांनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आज आयुधाला हात लावूं नये, बाळकृष्णराव. पूजेंत ठेविलें तें उद्यां सकाळी पुनर्पूजा जाहल्यावर उचलावें. मी पेन ठेविलें आहे, म्हणून आज सहीसुद्धां करीत नाहीं. पेपरही वाचिला नाहीं."

"निदान ते पुस्तक? जरा एक पान बघायचं होतं."

"सरस्वतीपूजेला वाचायचें?" मामींनी कानांवर हात ठेवले. "नक्को हो, असें बोलूं नये."

खांबेटे वर आले आणि खुर्चीत बसले. विद्युलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता, त्यामुळे त्यांना वाईट वाटलं की दुसरं काही, ते समजायला मार्ग नव्हता.

"बाबा, नारायणस्वामीकडून पाने आणा ना," ऊर्मी म्हणाली. "प्लग पण मिळतील नवे."

हे मात्र खांबेट्यांना सुचलं नव्हतं. ते तरातरा गॅरेजात गेले. गॅरेजला केळीचे खुंट बांधले होते. जॅक, पंप, पाने, सगळं धुऊनपुसून कुंकू लावून देवापुढे होतं, आणि एरवी ग्रीसमध्ये बुडालेला नारायणस्वामी पांढरंशुभ्र धोतर, म्हणजे वेष्टी, नेसून नवरदेवासारखा बसला होता. खांबेट्यांनी पाना मागितला. नारायणस्वामीने त्यांच्याकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं, आणि माफी मागितल्यासारखं हसून त्यांच्या हातावर चुरमुरे-फुटाण्यांचा पुडा ठेवला. "नाळैक्कु वांगो, सार." म्हणजे, उद्या या.

सायकलच्या दुकानात हेच झालं. लेथवाल्याकडे हेच झालं. स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं, पण मालक तराजूला गंध लावत होता. त्याने दोन पुडे दिले. सगळ्या चेन्नईत त्या दिवशी एकही पाना फिरत नव्हता, एकही स्क्रू पिळला जात नव्हता, आणि खांबेटे मात्र दारोदार पाना मागत हिंडत होते. दुपारी ते घरी आले तेव्हा त्यांचे दोन्ही खिसे आणि रुमाल चुरमुऱ्यांनी भरले होते.

दारातच चंद्रमौळी भेटले. "गाडी अगदी सजली आहे हो," ते इंग्रजीत म्हणाले आणि पाहुण्यासारखे नम्रपणे हसले. "उद्या सकाळी मी हार घेऊन येतो."

संध्याकाळी तर कहर झाला. गोलू बघायला बायका येऊ लागल्या. हळदीकुंकू, गाणं, हरभऱ्याची कोरडी उसळ म्हणजे सुंडल, आणि मग प्रत्येकीची नजर स्पार्क प्लगांवर. मामींना तर सांगायला हवंच होतं. वरच्या मजल्यावर खांबेट्यांना त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आमचे बाळकृष्णराव रणगाडे करतात. स्वतःच्या हातांनी. त्यांची ही आयुधं. उद्या पुनर्पूजेनंतर ते अस्कें सगळें सामान गाडीत बसवणार, आपण अवश्य यावें. ऊर्मी सुंडलाची वाटी घेऊन वर आली आणि तिने बातमी दिली की खाली कुणीतरी फिल्टरला नमस्कार केला.

"किती लोक येणार आहेत?" खांबेट्यांनी विचारलं.

"गल्ली," ऊर्मी म्हणाली.

आता खरी पंचाईत ही होती की पुस्तक नाही, आणि काय कुठून काढलं ते आठवायला हवं. खांबेट्यांनी डोळे मिटले. विद्युलताबाईंनी एक लाटणं, तीन चमचे आणि चहाची गाळणी त्यांच्यापुढे ठेवली. "लाटणं हे इंजिन धरा. सांगा, आधी काय बसवणार?" खांबेटे सांगू लागले. जिथे ते अडले तिथे विद्युलताबाईंनी प्रश्न विचारले, नापास मुलाला विचारतात तसे, न चिडता. तळाचा बोल्ट आधी की तेल आधी? खांबेटे म्हणाले, तेल. मग तेल कुठे जाईल? खांबेटे म्हणाले, कोलमवर. तिसऱ्यांदा चमचे मांडेपर्यंत त्यांना सगळं पाठ झालं होतं. विद्युलताबाईंनाही झालं होतं, पण तिकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

विजयादशमीची सकाळ उजाडली. पुनर्पूजा झाली. रिवाज असा की देवापुढची वस्तू उचलायची आणि तिने लगेच थोडं तरी काम करायचं. मामींनी वीणेवर एक स्वर छेडला. ऊर्मीने पुस्तकातलं एक पान वाचलं. राणोजीरावांनी पेन उचलून सही केली आणि एका दिवसाचा उपास सुटल्यासारखे पेपरवर तुटून पडले. मग मामींनी पाट उचलून खांबेट्यांच्या हातांत दिला. "आतां तुमचें."

पोर्चमध्ये खरोखरच गल्ली जमली होती. खुर्च्या आल्या होत्या. नारायणस्वामीसुद्धा वेष्टी नेसून कठड्यावर बसला होता. सगळ्यांत पुढे चंद्रमौळी, हातात गुलाबांचा जाड हार, बगलेत पेढ्यांचा डबा.

पाना हातात आला आणि खांबेट्यांची बोटं चालू लागली. तळाचा बोल्ट बसला. फिल्टर बसला. मग तेल. लोक टाळ्या वाजवायला कारणच शोधत होते. तेल ओतलं तेव्हाही त्यांनी वाजवल्या. प्लगच्या वेळी थोडा पेच आला. प्लगला चंदन होतं आणि चंदनासकट तो बसवणं बरं नव्हे. पुसायचा म्हटल्यावर मामींचा चेहरा पडला. शेवटी आतलं टोक पुसायचं आणि बाहेरचं कुंकू राहू द्यायचं अशी तडजोड झाली. प्लग बसले, वायरी लागल्या, हवेचा फिल्टर गजऱ्याशिवाय आत गेला. खांबेटे आत बसले, मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

फट्ट!

असा बार झाला की पुढच्या रांगेने खुर्च्या सोडल्या. कावळे उडाले. गाडी आचके देऊन गप्प झाली. खांबेट्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा फट्ट. चंद्रमौळींनी हाराची गाठ सोडायला घेतली.

खांबेट्यांचे कान बधिर झाले होते. पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडून गेलं. आपले रविवार संपले, एवढंच त्यांना कळत होतं. तेवढ्यात बॉनेटजवळून आवाज आला, "अहो, जरा थांबा."

विद्युलताबाई पदर खोचून आत वाकल्या होत्या. "तिन्ही वायरी सारख्या लांबीच्या नाहीत. ही लांब वायर जवळच्या प्लगला लावून तिची गुंडाळी करून कशाला ठेवलीय? आणि ही आखूड तिकडे ताणून बसवलीय. जिथल्या मापाची केली असेल तिथेच ती लागणार ना?"

त्यांनी दोन वायरी उपसल्या आणि अदलाबदल करून दाबून बसवल्या. "फिरवा आता."

खांबेट्यांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आणि कशी सुरू झाली! इतकी मऊ, इतकी सरळ, की नारायणस्वामी कठड्यावरून उतरून इंजिनाला कान लावून ऐकू लागला आणि मग त्याने खांबेट्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. मामी ओरडून सांगत होत्या, "पुढें घ्या, लिंबांवरून घ्या!" गाडी पुढे आली, लिंबं फटाफट फुटली, आणि चंद्रमौळींनी एक मोठा सुस्कारा सोडून, भल्या माणसासारखा, तो गुलाबांचा हार झेंडूच्या हारावर चढवला. पेढेही वाटून टाकले.

खांबेट्यांचा ऊर भरून आला. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. काच खाली करून त्यांनी मान बाहेर काढली. "काय मग? विकायची?"

"शब्द म्हणजे शब्द," विद्युलताबाई म्हणाल्या. हातांना काळं लागलं होतं आणि त्या हसत होत्या. "विकायची नाही. सरका."

"म्हणजे?"

"डावीकडे सरका. आज विजयादशमी आहे, नवं शिकायचा दिवस. मला शिकायचीय."

"अगं, पण लायसन्स?"

"एल. एल. आर., शिकाऊ लायसन्स, काढून दोन महिने झाले. ऊर्मीला माहीत आहे." मग त्या थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मला कधी किल्लीला हात लावू दिलात का हो? पुसायचा, धुवायचा, दार हळू लावायचा मान तेवढा दिलात. जी चालवायला मिळणार नाही ती गाडी ठेवून मी काय करू, म्हणून विका म्हणत होते."

इतकी वर्षं ही बाई शेजारी बसून क्लचकडे बघत होती आणि आपल्याला वाटलं ती रस्त्याकडे बघतेय. खांबेट्यांना खरोखर लाज वाटली. ते गिअरवरून पाय उचलून अवघडत डावीकडे सरकले. मामींनी नव्या विद्यार्थिनीला कुंकू लावलं आणि गल्लीने पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी जरा जास्तच जोरात.

त्यानंतर खांबेट्यांची कीर्ती पार रेल्वे स्टेशनापर्यंत गेली. लोक त्यांना इंजिनातले आवाज तोंडाने काढून दाखवत आणि सल्ला विचारत. खांबेटे डोळे मिटून ऐकत आणि नारायणस्वामीकडे पाठवत. गाडीचं प्रत्येक सर्व्हिसिंग घरी होऊ लागलं, आणि ते उत्तम होऊ लागलं, हे कुणीही कबूल करेल. पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी ते असेच गाडीखाली उताणे पडून बोल्ट घट्ट करत होते. गाणं गुणगुणत होते. या गाडीला आपल्याशिवाय कुणाचा हात लागत नाही, या विचाराने ते अगदी तृप्त होते. इतक्यात चाकाशेजारी विद्युलताबाईंच्या चपला येऊन उभ्या राहिल्या. किल्ली वाजली.

"झालं का? मला आणि मामींना टी. नगरला जायचंय."

"झालंच," गाडीखालून खांबेटे म्हणाले. "मीही येऊ?"

चपला क्षणभर विचारात पडल्या.

"या. पण मागे बसा. पुढे मामी बसणार आहेत."